वर्गातील दृक्‌साधने : निवड व उपयोग

तिसऱ्या इयत्तेच्या वर्गात जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर टांगलेला असतो. शिक्षक काठीने गोदावरीची निळी रेघ दाखवितात, मुले एकसुरात नदीचे नाव उच्चारतात आणि धडा पुरा होतो. त्यानंतर एखाद्या मुलास "उत्तर दिशा कोठे?" असे विचारावे. पुष्कळदा तो मुलगा छपराकडे बोट दाखवितो, आणि दक्षिण विचारली तर जमिनीकडे. यात मुलाचा दोष फारसा नाही. नकाशात उत्तर वर होती. वर म्हणजे छप्पर, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे आणि पाहिले तेच तो सांगतो. साधन वर्गात होते, ते वापरलेही गेले. परंतु जे शिकवावयाचे ते त्याने शिकविले नाही, उलट एक चुकीची समजूत मात्र पक्की करून दिली.

दृक्‌साधनांविषयी विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. साधन नुसते असणे पुरेसे नसते. चित्र, नकाशा, तक्ता, प्रतिकृती किंवा पडद्यावरील चलत्‌चित्र यांचा ठसा शब्दापेक्षा खोल उमटतो, हे खरेच आहे. म्हणूनच ठसा चुकीचा उमटला तर तो पुसून टाकणेही तितकेच कठीण जाते. साधन कोणते घ्यावे, केव्हा दाखवावे व केव्हा बाजूस ठेवावे, याचा विवेक शिक्षकानेच करावयाचा असतो.

पूर्वपीठिका

डोळ्यांच्या साहाय्याने शिकविण्याची कल्पना नवी नाही. युरोपात कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे चित्रमय पाठ्यपुस्तक १६५८ साली न्युरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले. प्रत्येक धड्यास एक चित्र, चित्रातील वस्तूंस क्रमांक आणि त्या क्रमांकांच्या अनुरोधाने मजकूर, अशी त्याची रचना होती. शब्द आणि वस्तू यांची गाठ मुलाच्या मनात एकाच वेळी पडावी, हा त्यामागील हेतू होता.

महाराष्ट्रात हे तत्त्व पुस्तकांच्याही बाहेर लोकांच्या परिचयाचे होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा आजवर जतन केली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. चित्रकथी सांगणारा रामायण-महाभारतातील कथेची चित्रे एका पोथीत लावून ठेवतो. तो एका वेळी एकच चित्र श्रोत्यांसमोर धरतो, त्या चित्रापुरती कथा गातो, आणि मगच पुढचे चित्र काढतो. सर्व चित्रे एकदम मांडली असती तर श्रोत्यांची नजर कथेच्या पुढे धावली असती. साधन वापरण्याचा एक महत्त्वाचा नियम या कलावंतांनी कोणत्याही अध्यापन विद्यालयात न जाता सिद्ध केला आहे.

पुढे कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ दाखविले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे पडद्यावर पाडून, त्यांच्या जोडीने निवेदन करावयाचे, असा तो प्रकार होता. येथेही चित्राच्या बाजूस बोलणारा मनुष्य होताच.

ग्रामीण शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण मात्र श्रीमती ताराबाई मोडक व श्रीमती अनुताई वाघ यांच्या कार्याचे आहे. १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. १९५७ साली ते कोसबाड येथे गेले. माँटेसरी पद्धतीची मूळ साधने लाकडाची, कोरीव आणि महाग होती. आदिवासी वस्तीतील बालवाडीस ती परवडणारी नव्हती. तेव्हा त्यांनी शिंपले, बिया, पाने, फुले, खडे, माती अशा परिसरातील वस्तूंतून साधने घडविली. लाकडी साधनातून मुलाची नजर, स्पर्श आणि क्रमाची जाणीव तयार व्हावी, हा मूळ हेतू होता, आणि तो बियांनी व शिंपल्यांनीही साधतो हे त्यांनी दाखवून दिले. पैशाच्या अभावी साधने नाहीत, ही तक्रार जेथे जेथे ऐकू येते, तेथे हा दाखला उपयोगी पडावा.

निवडीची कसोटी

साधन निवडण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःस काही प्रश्न विचारावेत.

(१) प्रत्यक्ष वस्तू दाखविता येते काय? येत असेल तर चित्राचा विचार सोडून द्यावा. सोटमूळ व तंतुमूळ यांतील भेद शिकविण्यासाठी रंगीत तक्ता विकत आणण्याचे कारण नाही. शेताच्या बांधावरून तुरीचे एक व ज्वारीचे एक रोप माती न झटकता, मुळांसह अलगद उपटून आणावे आणि बादलीतील पाण्यात मुळे धुवावीत. तुरीचे एकच जाड मूळ खाली गेलेले आणि ज्वारीच्या मुळांचा झुपका सभोवार पसरलेला मुलांस दिसतो, हातास कळतो. हरभरा व ज्वारी यांचे दाणे ओल्या फडक्यात ठेवून मोड आणले, म्हणजे द्विदल व एकदल हा भेदही चार-पाच दिवसांत डोळ्यांसमोर उलगडतो. बीड जिल्ह्यातील मूल ही पिके जन्मापासून पाहत असते. परंतु पाहणे आणि निरखणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर कमी करणे हे शाळेचे काम आहे.

(२) वस्तू आणता येत नसेल तर कशाच्या अभावी धडा अडतो? आकार कळत नसेल तर प्रतिकृती हवी. रूप कळत नसेल तर चित्र. स्थान कळत नसेल तर नकाशा. क्रम किंवा प्रमाण कळत नसेल तर आलेख. आणि हालचाल कळत नसेल तरच चलत्‌चित्र. समुद्राची भरती-ओहोटी, हृदयाचे आकुंचन-प्रसरण, ज्वालामुखीचा उद्रेक या गोष्टी स्थिर चित्राने नीट सांगता येत नाहीत. उलट पानाच्या शिरा किंवा नाण्यावरील अक्षरे न्याहाळावयाची असतील तर हलणारे चित्र उपद्रवच करते.

(३) शेवटच्या रांगेतील मुलास ते दिसते काय? वर्गाच्या शेवटच्या रांगेचे फलकापासूनचे अंतर ६ मीटर असेल तर तक्त्यावरील अक्षराची उंची ३ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. देवनागरी लिपीत काना-मात्रा व जोडाक्षरे असल्याने ही उंची थोडी अधिक ठेवलेली बरी. याची परीक्षा सोपी आहे. तक्ता टांगून शिक्षकाने स्वतः शेवटच्या रांगेत, मुलांप्रमाणे जमिनीवर बसून तो वाचून पाहावा. एका तक्त्यावर पाच-सहा ओळींहून अधिक मजकूर आला, म्हणजे तो तक्ता न राहता भिंतीवर चिकटविलेले पुस्तक होते.

(४) मुलाच्या अनुभवाशी त्याचा संबंध पोचतो काय? 'स'स समुद्र आणि 'ज'स जहाज ही चित्रे वाईट नाहीत. पण ज्या मुलाने समुद्र पाहिलेला नाही, त्यास अक्षर शिकताना आणखी एक अनोळखी गोष्ट शिकावी लागते. 'ज'स जातेही चालते आणि 'स'स सूपही चालते. अनोळखी वस्तूची ओळख करून देणे हा स्वतंत्र धडा आहे. तो अक्षराच्या धड्यात मिसळू नये.

(५) ते खोटे तर सांगत नाही ना? या प्रश्नाचा विचार फारसा होत नाही. म्हणून त्याचा परामर्श पुढे स्वतंत्रपणे घेतला आहे.

(६) त्यास लागणारा वेळ व खर्च यांच्या मानाने ते किती वेळा उपयोगी पडेल? आठ दिवस खपून केलेली आणि एका तासात संपणारी प्रतिकृती करण्यापेक्षा, वर्षभर रोज हाताळला जाणारा काड्यांचा गठ्ठा करणे शहाणपणाचे आहे. काड्या तुराटीच्या किंवा पऱ्हाटीच्या चालतात. त्या सारख्या लांबीच्या कापाव्यात आणि दहा-दहांच्या जुड्या सुतळीने बांधाव्यात. तेवीस म्हणजे दोन जुड्या व तीन सुट्या काड्या, हे मुलाने स्वतः मांडले म्हणजे दशक-एकक हा केवळ रकाना राहत नाही. वजाबाकीत हातचा घेताना जुडी सोडावी लागते. हातचा म्हणजे काय, हे मुलास तेव्हा खऱ्या अर्थाने उमगते. शिक्षकाने जुडी स्वतः सोडून दाखविल्यास निम्मा लाभ जातो. ती मुलानेच सोडावी.

साधन खोटे बोलते तेव्हा

प्रत्येक चित्र व प्रत्येक नकाशा काही तरी खरे दाखविण्यासाठी दुसरे काही तरी बदलून दाखवितो. नकाशावर नदी निळी असते. प्रत्यक्षात ती पावसाळ्यात गढूळ आणि उन्हाळ्यात पुष्कळदा कोरडी असते. आरोग्याच्या तक्त्यावरील डास कबुतराएवढा काढलेला असतो. मोठ्या माणसास यातील संकेत ठाऊक असतो, मुलास तो सांगावा लागतो. खऱ्या आकाराचा एक ठिपका डासाच्या चित्राशेजारी काढून "डास एवढा असतो, त्याचे पाय दिसावेत म्हणून तो येथे मोठा काढला आहे," असे एक वाक्य बोलले, तर गैरसमज टळतो.

सूर्यमालेचा तक्ता हे याचे ठळक उदाहरण होय. त्यात सूर्य आणि पृथ्वी एकमेकांपासून वीतभर अंतरावर असतात. मुलास वाटते, सूर्य येथेच जवळ आहे. या धड्यासाठी तक्ता गुंडाळून ठेवून मुलांस मैदानावर न्यावे. ज्वारीचा एक दाणा सुमारे ४ मिलिमीटर रुंद असतो. ती पृथ्वी मानावी. त्याच प्रमाणात सूर्य सुमारे ४४ सेंटिमीटर व्यासाचा होईल, म्हणजे एखाद्या टोपलीएवढा. टोपली शाळेच्या पायरीवर ठेवावी आणि दाणा हातात घेऊन एका मुलाने ४७ मीटर चालत जावे. लहान पावलांनी ही सुमारे शंभर पावले भरतील. चंद्रासाठी राजगिऱ्याचा दाणा घ्यावा व तो ज्वारीच्या दाण्यापासून १२ सेंटिमीटरवर धरावा. तेथे उभे राहून मुलाने मागे वळून टोपलीकडे पाहिले, की जे दहा तक्त्यांनी साधत नाही ते साधते. या सर्व साधनास खर्च काहीच नाही. तयारीस मात्र गणित करावे लागते.

अपूर्णांकांतही अशीच सावधगिरी हवी. भाकरीचे दोन तुकडे दाखवून "हा अर्धा" असे सांगितले जाते; पण हाताने मोडलेले तुकडे सारखे क्वचितच असतात. दोन तुकडे म्हणजे अर्धे नव्हेत, दोन सारखे तुकडे म्हणजे अर्धे. भाकरीने धडा सुरू करावा. परंतु कागदाच्या घडीने तो पक्का करावा, कारण घडी घातलेले भाग एकमेकांवर ठेवून त्यांचा सारखेपणा पडताळता येतो.

रंगांच्या बाबतीतही एक सूचना आवश्यक आहे. काही मुलांस, विशेषतः मुलग्यांस, तांबडा व हिरवा यांतील भेद जन्मतः कळत नाही, आणि बहुधा हे कोणाच्या लक्षातही आलेले नसते. नकाशावर किंवा आलेखावर केवळ तांबडा-हिरवा एवढ्याच फरकाने दोन गोष्टी दाखवू नयेत. एकीस रेघा, दुसरीस ठिपके अशी खूणही द्यावी.

अंगणातील जिल्हा

आता आरंभीच्या नकाशाकडे वळू. मुलास दिशा व उतार हे दोन्ही कळावेत यासाठी नकाशा भिंतीवरून जमिनीवर उतरविला पाहिजे. सकाळी सूर्य उगवतो ती दिशा पाहून अंगणात पूर्व निश्चित करावी, त्यावरून उत्तर ठरवावी आणि भिंतीवरील नकाशा काढून तो जमिनीवर त्याप्रमाणे पसरावा. नकाशातील उत्तर व गावातील उत्तर एक झाली, म्हणजे छपराकडे जाणारे बोट शिवाराकडे वळते.

त्यानंतर ओल्या मातीचा उठावाचा नकाशा करावा. एक वीत म्हणजे दहा किलोमीटर, असे काही प्रमाण ठरवून जिल्ह्याची सीमा काठीने आखावी. पश्चिमेकडून आग्नेयेकडे बालाघाटाची रांग मातीने उंच करावी. तिच्या उत्तरेकडील प्रदेश गोदावरीकडे उतरता ठेवावा. उत्तर सीमेवर गोदावरीची चर खोदावी. रांगेतून निघून बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा सिंदफणेस मिळते आणि सिंदफणा पुढे माजलगाव तालुक्यात मंजरथ येथे गोदावरीस मिळते. या दोन चरा त्याप्रमाणे काढाव्यात. मांजरा पाटोदा तालुक्यात उगम पावून जिल्ह्याच्या दक्षिण सीमेकडून पूर्वेस जाते. आष्टीच्या बाजूस सीना आहे. ती भीमेस मिळते व भीमा कृष्णेस.

नकाशा तयार झाल्यावर प्रश्न विचारावा, उत्तर देऊ नये : "बालाघाटाच्या माथ्यावर पाणी ओतले तर ते कोणीकडे जाईल?" मुलांस आधी अंदाज करू द्यावा; अंदाज फळ्यावर लिहावेत. मग एका मुलाने तांब्यातून बारीक धार धरावी. पाणी दोन्ही उतारांनी वाटले जाते. उत्तरेकडील पाणी सिंदफणेने गोदावरीस पोचते, दक्षिणेकडील मांजरेत उतरते. येथे जिल्ह्याचा नकाशा संपतो, पण पाणी थांबत नाही. मांजरा लांबचा वळसा घेऊन तेलंगणाच्या सीमेजवळ कंदकुर्ती येथे गोदावरीसच मिळते, ही गोष्ट भिंतीवरील मोठ्या नकाशावर शोधून काढण्यास वरच्या वर्गातील मुलांस सांगावे. डोंगराच्या दोन अंगांस पडलेले दोन थेंब पुढे एकत्र येतात, आणि आष्टीकडील थेंब मात्र कृष्णेच्या वाटेने जातो, हे मुले आपण होऊन सांगतात.

याच नकाशावर सिंदफणेवरील माजलगावचे व मांजरेवरील धनेगावचे धरण चिखलाचे बांध घालून दाखविता येते. बांधाच्या वरच्या अंगास पाणी कसे साचते आणि खालची चर कशी कोरडी पडते, हे मुले पाहतात. पाणी व दुष्काळ या विषयांवर घरी व पारावर जे बोलले जाते, त्याचा अर्थ त्यांस लागू लागतो. डोळ्यांनी न दिसणाऱ्या मुलासही हा नकाशा बोटांनी वाचता येतो. भिंतीवरील नकाशाचा त्यास काहीच उपयोग नसतो.

पावसाचा आलेख हे याच विषयाचे दुसरे साधन होय. सरळ भिंतीचा एक उभा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी पट्टीने त्यातील पाण्याची उंची मोजावी, व मृग, आर्द्रा, पुनर्वसू या क्रमाने नक्षत्रवार बेरीज करून भिंतीवर स्तंभ रंगवावेत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर १० मीटर लांब व ६ मीटर रुंद असेल, तर २० मिलिमीटर पावसात त्यावर १२०० लिटर पाणी पडते, म्हणजे १५ लिटरच्या ८० घागरी. हा हिशेब चौथीच्या मुलांनी स्वतः करावा. ज्या गावी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या गावच्या मुलांस या आलेखाचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

फळा

सर्व साधनांत फळ्याचे स्थान पहिले आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर प्राथमिक शाळांस किमान साहित्य पुरविण्याची योजना आखली गेली, तेव्हा मराठीत तिचे नाव 'खडू-फळा' असेच रूढ झाले. फळ्याचा विशेष असा की त्यावरील चित्र मुलांच्या डोळ्यांसमोर वाढत जाते. छापील चित्र एकदम पुरे होऊन समोर येते; फळ्यावरील चित्रात आधी काय व मग काय, हे कळते. म्हणून शिक्षकास चित्रकला उत्तम यावयास हवी असे नाही. चार रेघांत बैल, झाड, घर, मनुष्य काढता आले तरी पुष्कळ.

फळा रोज स्वच्छ पुसावा. त्यावर उजेडाची तिरीप पडून चकाकी येत असेल तर त्याची जागा बदलावी किंवा त्यास पुन्हा काळा रंग द्यावा. लिहिताना शिक्षकाने बाजूस उभे राहावे आणि लिहून झाल्यावर क्षणभर थांबून मुलांस वाचू द्यावे. फळ्याचा एक कोपरा नव्या शब्दांसाठी राखून ठेवावा. तो दिवस संपेपर्यंत पुसू नये.

पाठात साधनाचा वापर

साधन उत्तम असूनही पाठ फसतो, याचे कारण बहुधा पुढीलपैकी एक असते : ते फार लवकर दाखविले गेले, फार वेळ समोर राहिले, किंवा शिक्षकानेच सर्व काही सांगून टाकले.

प्रथम, वेळ येईपर्यंत साधन झाकून ठेवावे. वर्गात येताच मुलांस ते दिसले तर पुढील दहा मिनिटे शिक्षकाचे बोलणे कोणाच्या कानी पडत नाही. दुसरे, दाखविण्यापूर्वी काय पाहावयाचे ते प्रश्नाच्या रूपाने सांगावे : "या चित्रात पाणी कोठून येते ते शोधा." तिसरे, साधन समोर आल्यावर अर्धा मिनिट शिक्षकाने गप्प राहावे. पाहण्यास वेळ लागतो आणि बोलण्याने पाहणे मोडते. चौथे, बोलण्याचा आरंभ मुलांनी करावा. काय दिसते ते त्यांनी सांगावे, का असे आहे ते शिक्षकाने विचारावे. पाचवे, काम होताच साधन काढून ठेवावे. शेवटी, साधन नसताना प्रश्न विचारावा किंवा आठवणीने चित्र काढावयास सांगावे. जे मूल नकाशा समोर नसताना मातीत काठीने सिंदफणेचा मार्ग काढू शकते, त्यास तो कळला.

दोन किंवा तीन इयत्ता एकाच शिक्षकाकडे असलेल्या शाळेत साधनाचा आणखी एक उपयोग होतो. शिक्षक एका इयत्तेस शिकवीत असता दुसरीस हाती काही तरी द्यावेच लागते. काड्यांच्या जुड्या, चिंचोके, शब्दांच्या चिठ्ठ्या, चित्र व नाव यांच्या जोड्या ही साधने मुले स्वतः वापरू शकतात. मात्र अशा साधनात उत्तर पडताळण्याची सोय हवी. चिठ्ठीच्या मागे उत्तर किंवा खूण लिहिली, की शिक्षक मोकळा होईपर्यंत मुलास थांबावे लागत नाही.

पडदा आणि भ्रमणध्वनी

आज अनेक शाळांत दूरचित्रवाणी संच, प्रक्षेपक किंवा निदान शिक्षकाचा भ्रमणध्वनी आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील संकेतचिन्हांवरून धड्याशी संबंधित साहित्यही पाहावयास मिळते. या साधनांचे वावडे मानण्याचे कारण नाही. वरील कसोट्या त्यांसही तशाच लागू आहेत. तळहाताएवढ्या पडद्याभोवती तीस मुले बसविली तर सहा पाहतात आणि चोवीस ढकलाढकली करतात. तो पडदा पाच-सहा मुलांच्या गटासच दाखवावा आणि तोवर इतरांस दुसरे काम द्यावे. वीज व जोडणी यांचा भरवसा नसेल तर चित्रफीत आधीच उतरवून घ्यावी आणि ती पूर्ण पाहून ठेवावी. दहा मिनिटांच्या चित्रफितीतील दोनच मिनिटे कामाची असतात, तेवढीच दाखवावी, मध्ये थांबवावी, "आता काय होईल?" असे विचारावे व पुन्हा सुरू करावी. सलग चालू ठेवलेली चित्रफीत मुले करमणूक म्हणून पाहतात आणि विसरतात.

स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी

बीड जिल्ह्यातील शिक्षकांपुढे एक प्रश्न असा आहे की जो साधनांच्या सर्वसामान्य पुस्तकांत आढळत नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबे साखर कारखान्यांकडे जातात. काही मुले नातेवाइकांकडे किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधारे गावी राहतात, काही आईवडिलांबरोबर जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. परतलेल्या मुलाच्या दृष्टीने मधले चार-पाच महिने वर्गातून पुसले गेलेले असतात. फळ्यावरचे तर केव्हाच पुसलेले असते. ते मागच्या रांगेत बसते, काही दिवस गप्प राहते, आणि मग येईनासे होते.

अशा मुलासाठी साधनांचा संग्रह हा वर्गाची स्मरणशक्ती ठरू शकतो. प्रत्येक महत्त्वाच्या धड्यानंतर मुलांनीच एका मोठ्या कागदावर धड्याचा सारांश चित्रांसह काढावा, त्यावर दिनांक घालावा, आणि हे कागद क्रमाने दोरीस अडकवून ठेवावेत. जुन्या दिनदर्शिकांची मागील बाजू याकामी उत्तम. परतलेल्या मुलाबरोबर एक सोबती बसवून रोज एक-दोन कागद पाहावयाचे, सोबत्याने समजावून सांगावयाचे, असा क्रम ठेवावा. समजावून सांगणाऱ्याचीही उजळणी होते.

दुसरी गोष्ट अशी की हे मूल रिकाम्या हातांनी परतलेले नसते. त्याने दुसरे जिल्हे पाहिलेले असतात, कोपीत दिवस काढलेले असतात, उसाच्या मोळ्या मोजलेल्या असतात, गाडीचे वजन होताना पाहिलेले असते. त्याने कोणत्या गावाहून कोणत्या गावी प्रवास केला, तो मार्ग महाराष्ट्राच्या नकाशावर दोऱ्याने त्यासच दाखवू द्यावा. कारखान्यात ऊस येण्यापासून पुढे काय काय होते याची चित्रे त्याच्याकडून काढून घ्यावीत. ती चित्रे वर्गाचे साधन होतात, आणि मागच्या रांगेतील मूल काही वेळ तरी वर्गापुढे उभे राहून शिकवू लागते. शाळेत टिकून राहण्यास त्यास एवढा आधारही कित्येकदा पुरेसा होतो.

जतन

साधने करण्याइतकेच ती जतन करणे अगत्याचे आहे. नकाशे घडी न घालता गुंडाळून, वरून कापड लावून टांगावेत. घडीवर कागद फाटतो, आणि नेमके तेथील गाव नाहीसे होते. तक्त्यांच्या कडांस जुन्या कापडाची पट्टी डकवावी. बिया व दाणे डब्यांत ठेवून त्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. वाळवीपासून बचाव व्हावा म्हणून पेटी जमिनीवर न ठेवता विटांवर, भिंतीपासून थोडी दूर ठेवावी. प्रत्येक साधनावर विषय, इयत्ता व धडा लिहावा आणि त्याची नोंद वहीत करावी. नोंदीशेजारी, ते कोणत्या दिवशी वापरले व कोणती अडचण आली, हे एका ओळीत लिहिण्याची सवय ठेवली तर बदलून येणाऱ्या पुढील शिक्षकास फार मोठे साहाय्य होते.

एक गोष्ट मात्र टाळली पाहिजे. साधने फुटतील, मळतील या भीतीने ती कपाटात बंद राहतात आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येतात. दाखल्यापुरते ठेवलेले साधन स्वच्छ राहते, पण ते कोणास काही शिकवीत नाही. मुलांच्या हातांनी मळलेला काड्यांचा गठ्ठा हा शाळेस कमीपणा आणणारा नाही. तो झिजल्यावर नव्या काड्या कापून आणण्याचे कामही मुलांसच द्यावे.

येत्या महिन्यात प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गासाठी एकच साधन, परिसरातील वस्तूंचे, करून पाहावे. ते दाखवून झाल्यावर बाजूस ठेवावे आणि मुलांस एक साधा प्रश्न विचारावा. उत्तर चुकले तर मुलास दोष देण्यापूर्वी साधनाकडे पुन्हा एकदा पाहावे. उत्तर दिशा विचारल्यावर वर्गातील सर्व बोटे शिवाराच्या एकाच बाजूस वळली, म्हणजे नकाशाचे काम झाले असे समजण्यास हरकत नाही.